उत्तरेतले दोन बुद्ध

२०१५ साली आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने शताब्दीनिमित्त स्मरणिका काढली. तिच्यात माझा एक लेख आहे. नॉर्वेत ओसेबर्ग नावाच्या शेतावर १९०४ साली एक व्हायकिंग जहाज उकरून काढण्यात आलं. त्यात दोन स्त्रियांचं दफन होतं आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या असंख्य वस्तूंमध्ये एक लाकडी बादली होती. बादलीची कडी जिथे अडकवली आहे तिथे दोन्ही बाजूंना मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या माणसाची छोटी आकृती आहे. आकृतीच्या छातीवर चार स्वस्तिकं आहेत. ही बुद्धमूर्ती असून ती भारतातून व्यापारी मार्गांनी नॉर्वेत पोचली, असं मी लिहिलं होतं. ‘पोचली असावी’ असंही नाही, ‘पोचली’.

लेखाचं कौतुक झालं. त्यावर दोन व्याख्यानं झाली, पुढे कुणीतरी त्यातला परिच्छेद मोबाइलवर फिरवला, आणि ग्रंथपालकाकांनी त्या पानाची छायाप्रत वाचनकक्षातल्या फलकावर लावली.

ते विधान चूक आहे. ती आकृती बुद्धाची नाही आणि भारतातली तर नाहीच. हे मला समजलं ते दोन वर्षांनी, आइसलंडमध्ये, एम.ए.च्या पहिल्याच सत्रात आणि भरल्या वर्गासमोर. ही चूक कशी झाली आणि कशी सुटली हे सांगताना व्हायकिंगांचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात तेही सांगता येईल, म्हणून हा लेख.

मी इतिहासाची प्राध्यापक. मोडी शिकलेली, पेशवेकालीन कागदांवर थोडंफार काम केलेली. व्हायकिंगांकडे वळले ती केवळ कुतूहलाने, आणि त्या कुतूहलात ‘आपला’ काही संबंध सापडेल ही आशा मोठी होती. वयाच्या सदतिसाव्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन पुन्हा विद्यार्थिनी व्हायला निघाले तेव्हा नातेवाइकांचा एकच प्रश्न होता : ते शिंगांच्या टोपीवाले ना? हे आधी निकालात काढते. व्हायकिंग काळातलं शिंगं असलेलं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही. १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाट्याचे प्रयोग झाले, त्यांच्या वेशभूषाकाराने पात्रांच्या डोक्यावर शिंगं चढवली आणि ती आजतागायत उतरली नाहीत.

आइसलंड विद्यापीठात ‘व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स अभ्यास’ असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शिकवणं इंग्रजीतून. इतिहास, भाषाशास्त्र, साहित्य, पुरातत्त्व यांपैकी कशातही पदवी असली तरी चालतं. एक सत्र शेजारच्या देशातल्या विद्यापीठात काढायचं असतं. मी ऑस्लोत काढलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरही या विषयाचा स्वतंत्र अभ्यास होतो. आइसलंडचं विद्यापीठ सरकारी असल्याने शिकवणीचं शुल्क नव्हतं, वर्षाला ७५,००० क्रोना नोंदणी शुल्क तेवढं होतं. राहण्याखाण्याचा खर्च मात्र असा की पहिल्या महिन्यात मी कांदाही तोलून मापून चिरत होते. आणखी एक अडचण माझ्यापुरती होती. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. वडिलांच्या, क्वचित आईच्या, नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशा अर्थाचा शब्द जोडतात, म्हणजे आपल्या मधल्या नावावरच काम भागवतात. त्यामुळे प्राध्यापकांनाही नुसत्या नावाने हाक मारायची. मला ते दोन वर्षांत शेवटपर्यंत जमलं नाही. मी ‘एक्स्क्यूज मी’वर वेळ मारून नेली.

सप्टेंबर २०१७. पहिल्या चर्चासत्रात प्रत्येकाने आपल्या आवडीची एक वस्तू घेऊन दहा मिनिटं बोलायचं होतं. मी अर्थातच बादली घेतली. स्वस्तिकं मोठी करून दाखवली. बोलणं संपल्यावर बाईंनी (मी मनात त्यांना बाईच म्हणायचे) विचारलं, “या बादलीला बुद्धाचं नाव कुणी दिलं?”

“ती बुद्धाची मूर्तीच आहे,” मी म्हटलं.

“ते मी विचारलं नाही. नाव कुणी दिलं?”

मला उत्तर माहीत नव्हतं. बादलीला नॉर्वेत ‘बुद्ध-बादली’ म्हणतात हे मी वाचलं होतं आणि नावालाच पुरावा समजले होते. नाव विसाव्या शतकातल्या लोकांनी, दिसण्यावरून, कौतुकाने ठेवलेलं. बाईंनी पडद्यावर दुसरं चित्र लावलं : आयर्लंड-ब्रिटनच्या परंपरेतल्या, ‘बुक ऑफ डरो’ या सातव्या शतकाच्या सुमाराच्या हस्तलिखितातली एक मनुष्याकृती. तिचा झगा चौकटी-चौकटींचा, रंगीत, माझ्या ‘बुद्धा’च्या छातीसारखाच. मग पश्चिम नॉर्वेत सापडलेलं एक टांगायचं भांडं. त्यावरही मिनाकामातल्या तशाच ठोकळेबाज आकृत्या, तेही आयरिश कारागिरीचं. स्वस्तिक तर त्या काळी उत्तर युरोपात ठिकठिकाणी नक्षी म्हणून येतं. आणि नॉर्वेची जहाजं आयर्लंडच्या किनाऱ्यावर ७९५ पासून जातच होती. ओसेबर्गच्या दफनकक्षाचं लाकूड ८३४ सालचं आहे हे त्याच्या वार्षिक वलयांवरून ठरलं आहे. म्हणजे बादली आयर्लंडकडून लुटीत किंवा व्यापारात आली, हे साधं उत्तर सगळ्या बाजूंनी बसत होतं. माझ्या उत्तराच्या बाजूने होती फक्त मांडी.

मी खोटं बोलले नव्हते. पण जे दिसावं असं वाटत होतं तेच मी पाहिलं होतं. पेशवे दफ्तरातल्या कागदावर मी असं कधी केलं नसतं. तारीख, शिक्का, वळण, कागद सगळं तपासलं असतं. दूरच्या देशाच्या बाबतीत मात्र चौकसपणा घरी ठेवून गेले होते.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, “खरा बुद्ध हवाय ना? तोही आहे. स्वीडनमध्ये.” त्याच्याकडे पुढे येते.

व्हायकिंगांविषयी आपल्याला जे माहीत असतं ते सांगतं कोण, हा या अभ्यासातला पहिला प्रश्न आणि शेवटचाही. मुळात ‘व्हायकिंग’ हे जमातीचं नाव नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत तो शब्द समुद्रावर लुटीच्या मोहिमेला जाणाऱ्या माणसासाठी आहे. स्कँडिनेव्हियातले बहुतेक लोक शेती करत, गुरं राखत, मासे धरत. आपण जो काळ व्हायकिंग युग म्हणतो त्याची सुरुवात ७९३ सालच्या लिंडिस्फार्न मठावरच्या हल्ल्यापासून सांगायची पद्धत आहे. ती वार्ता लिहिली हल्ला सोसलेल्या ख्रिस्ती भिक्षूंच्या जगाने. पूर्वेकडच्या नद्यांवरून गेलेल्या त्यांच्या भाऊबंदांबद्दल लिहिलं बगदादहून आलेल्या अरब दूताने. आणि स्वतः त्यांच्या वंशजांनी, म्हणजे आइसलंडच्या सागाकारांनी, लेखणी उचलली ती मुख्यतः तेराव्या शतकात. तोवर ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटली होती.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. सभासदाची बखर शिवाजीमहाराजांच्या मृत्यूनंतर सतराएक वर्षांत लिहिलेली, तरी तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. सागा त्यांच्यातल्या प्रसंगांनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिलेल्या आहेत. एक काळ त्या शब्दशः खऱ्या मानल्या गेल्या, मग एका पिढीने त्यांना निव्वळ कादंबऱ्या ठरवलं. आज अभ्यासक मधली वाट चालतात : सागा दहाव्या शतकाबद्दल काय सांगते यापेक्षा तेराव्या शतकातल्या माणसाला दहावं शतक कसं आठवायचं होतं, हे ती जास्त भरवशाने सांगते. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना हे ऐकून वाईट वाटलं होतं. ती मालिका पाहून आली होती.

या काळात स्वतः त्या लोकांनी लिहिलेलं काहीच नाही असं नाही. रूण लिपीतले शिलालेख आहेत, हजारोंनी, सर्वाधिक स्वीडनमध्ये. पण ते दोन-तीन ओळींचे. अमुकने बापासाठी, भावासाठी, मुलासाठी दगड उभा केला. तो माणूस अमुक ठिकाणी मेला. व्हायकिंग काळाच्या तोंडाशी या लिपीतली अक्षरं चोवीसवरून सोळावर आली, त्यामुळे ‘क’ आणि ‘ग’, ‘त’ आणि ‘द’ यांना एकच खूण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ सोडवण्याची सवय असलेल्या मला हे वर्गातल्या इतरांपेक्षा लवकर जमलं. दोन वर्षांत छाती फुगवण्याची हीच एक संधी मिळाली, म्हणून नोंदवते.

भाषा मात्र सगळ्यांनाच करावी लागते. जुनी नॉर्स न शिकता या विषयाची पदवी मिळत नाही आणि मिळूही नये. चार विभक्ती, तीन लिंगं, आणि सर्वनामांना द्विवचन : ‘वित’ म्हणजे आम्ही दोघं. अमेरिकन सहाध्यायी द्विवचनापाशी हतबल झाले होते. मी शाळेतलं ‘आवाम्‌’ आठवून हसत होते. भावाला ‘ब्रोदिर’, आईला ‘मोदिर’. देवांसाठी काव्यात येणारा ‘तीवार’ हा शब्द आणि आपला ‘देव’ यांचं मूळ एकच.

इथे पुन्हा खड्डा आहे. मी सावध झाले होते तरी पाय सरकलाच. घरी फोन करून मी आईला सांगितलं की यांचे देव आणि आपले देव एकच. आईने ते भिशीत सांगितलं. खरी गोष्ट एवढीच की दोन्ही भाषा एका फार जुन्या भाषेच्या लेकी आहेत आणि त्यांची ताटातूट व्हायकिंगांच्या आधी हजारो वर्षं झालेली आहे. शब्दांचं नातं म्हणजे व्यापाराचा, प्रवासाचा पुरावा नव्हे. हे नातं शास्त्रशुद्ध पद्धतीने मांडणाऱ्या पहिल्या विद्वानांत डेन्मार्कचा रास्मुस रास्क होता. त्याने १८११ साली जुन्या नॉर्सचं व्याकरण छापलं. मग रशिया, कॉकेशस, इराण असा प्रवास करत १८२० साली तो आपल्या मुंबईत पोचला. तिथल्या पारशांकडून त्याने अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखितं मिळवली. ती आज कोपनहेगनला आहेत. व्हायकिंगांच्या भाषेचा पहिला मोठा व्याकरणकार मुंबईत पारशी दस्तुरांच्या पोथ्या धुंडाळत फिरला होता हे मला आइसलंडमध्ये कळलं. आपला संबंधच शोधायचा तर हा काय कमी होता? पण तो संबंध एकोणिसाव्या शतकातला, अभ्यासाचा. मला हवा होता तो नवव्या शतकातला, रक्ताचा नाहीतर सोन्याचा.

त्या सत्रात आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्या आमच्यासाठी पाठ्यपुस्तकापेक्षा मोठ्या ठरल्या. स्टॉकहोमच्या पश्चिमेला बिर्का हे व्हायकिंग काळातलं व्यापारी गाव होतं. तिथली सुमारे अकराशे थडगी यालमार स्टोल्पेने एकोणिसाव्या शतकात उकरली. त्यातल्या ५८१ क्रमांकाच्या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या. शंभरावर वर्षं ते नमुनेदार योद्ध्याचं थडगं मानलं गेलं, आणि योद्धा म्हणजे पुरुष हे कुणाला सांगावंही लागलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये हाडांतल्या जनुकद्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली : ती स्त्री होती. जगभर बातम्या झाल्या, ‘स्त्री सेनापती सापडली’. नॉटिंगहॅमच्या जुडिथ जेश यांनी, व्हायकिंग स्त्रियांवर त्यांचा ग्रंथ १९९१ पासून वाचला जातो, लगेच हरकत घेतली. हाडं स्त्रीची आहेत हे ठीक, पण शस्त्रांसोबत पुरलेली व्यक्ती लढत होती हे कशावरून? संशोधकांचं उत्तर असं होतं की मग पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न आपण इतकी वर्षं का विचारला नाही? वर्गात दोन तट पडले. मला दोन्ही पटत होतं आणि अजूनही पटतं. एक मात्र दिसलं की थडगं तेच होतं, हाडं तीच होती. बदलत होतं ते पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेलं चित्र.

पुढच्याच महिन्यात स्वीडनमधून बातमी आली की बिर्काच्या आणि इतर थडग्यांतल्या रेशमी, चांदीच्या तारेच्या पट्ट्यांवर अरबी अक्षरांत ‘अल्ला’ हे नाव विणलेलं आढळलं आहे. पुन्हा जगभर गाजावाजा. काही दिवसांत इस्लामी कलेच्या एका अभ्यासकाने दाखवलं की चौकटी कुफी नावाची ती लेखनशैली अशा रूपात कित्येक शतकं नंतरची आहे, आणि शिवाय पट्टीचा जो भाग उरलेलाच नाही तो कल्पनेने वाढवल्याशिवाय ते नाव पुरं होत नाही. मी वाचनालयात बसून हे वाचत होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठात बसूनही माणसं बादलीत बुद्ध पाहतात तर!

बरं वाटणं फार टिकलं नाही. बाईंना तसं बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “फरक आहे. त्यांची चूक आठ दिवसांत पकडली गेली, कारण वाचणारे होते. तुझ्या लेखाला कोण वाचतंय?”

दुसऱ्या सत्रात मासे आले. इंग्लंडमध्ये डार्बीशायरला रेप्टन नावाचं गाव आहे. ८७३च्या हिवाळ्यात व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने तिथे तळ ठोकल्याची नोंद इंग्लंडच्या तत्कालीन इतिवृत्तात आहे. तिथे एका ढिगाऱ्याखाली निदान २६४ माणसांची हाडं एकत्र सापडली. हे तेच सैन्य, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. पण किरणोत्सर्गी कार्बनच्या चाचणीने काही हाडं शंभर-दोनशे वर्षं आधीची निघाली. झालं, प्रश्न लोंबकळत राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा उलगडा छापून आला. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. जे लोक भरपूर मासे खातात त्यांच्या हाडांत तो जुना कार्बन साठतो आणि चाचणीत माणूस होता त्याहून वयस्कर ठरतो. कुणी किती मासे खाल्ले हे हाडांवरूनच मोजून दुरुस्ती केल्यावर सगळ्या तारखा नवव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळल्या. मी कोकणातल्या आजोळची. इतकी वर्षं माशांवर वाढलेल्या माझ्या आजीची हाडं उद्या कुणी तपासली तर ती पेशवाईतली ठरेल, असं मी वर्गात म्हटलं. पेशवाई म्हणजे काय ते समजावण्यात विनोद वारला.

याच रेप्टनमध्ये एक मणी सापडला होता. तांबड्या अकीकाचा, बोटाच्या पेरात मावेल एवढा. या चाचण्यांमागच्या संशोधक कॅट जारमन यांनी पुढे २०२१ साली त्या मण्याच्या मागावरच ‘रिव्हर किंग्ज’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याचा उगम गुजरातकडे असण्याची शक्यता मांडली. मी तेव्हा पुस्तक वाचणं शक्य नव्हतं. पण बिर्काच्या थडग्यांतल्या माळांमध्ये असे मणी आहेत हे ठाऊक झालं होतं आणि माझ्या प्रबंधाला विषय मिळाला होता.

प्रबंधाआधी दोन्ही बुद्धांना भेटून आले ते सांगते. २०१८च्या शरदात ऑस्लोत असताना बिग्दॉयच्या जहाज-संग्रहालयात गेले. ओसेबर्गचं जहाज साडेएकवीस मीटर लांब, ओकच्या लाकडाचं, आणि त्याच्या नाळेवरचं कोरीवकाम असं की आपण काय शोधायला आलो ते विसरायला होतं. त्यातल्या एका स्त्रीचं वय सत्तरीच्या पुढे, दुसरीचं पन्नाशीच्या आसपास. राणी कोण आणि दासी कोण, की दोघी कुणी पुजारिणी, ठरलेलं नाही. बादली मात्र मी ओळखीच्या माणसाला गर्दीत टाळावं तशी शेवटी पाहिली. प्रत्यक्षात ती आकृती छायाचित्रापेक्षा कितीतरी कमी बुद्धासारखी दिसते. तोंड वाकडं, पाय मांडीपेक्षा गाठीसारखे. स्मरणिकेत छापलेलं छायाचित्र मी समोरून घेतलेलं निवडलं होतं. बाजूने घेतलेलंही उपलब्ध होतं.

दुसरा बुद्ध स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. मेलारेन सरोवरातल्या हेल्गो बेटावर १९५०च्या दशकात सुरू झालेल्या उत्खननात तो सापडला. काशाचा, साडेआठ सेंटिमीटरच्या आत-बाहेर उंचीचा, दुहेरी कमळावर बसलेला. हा खराखुरा बुद्ध. घडण वायव्येकडची, स्वात खोऱ्याच्या किंवा काश्मीरच्या बाजूची, काळ सहाव्या शतकाच्या सुमाराचा. त्याच बेटावर आयर्लंडमधल्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ आणि इजिप्तकडची एक पळीही मिळाली. काचेपुढे मी पाऊण तास उभी होते. रडू आलं असं लिहिलं तर वाचकांना आवडेल, पण आलं नाही. मी हिशेब करत होते. हेल्गोची भरभराट व्हायकिंग युगाच्या आधीची. ८००च्या सुमाराला तिथला व्यापार बिर्काकडे सरकला. म्हणजे या बुद्धाला ‘व्हायकिंगांचा बुद्ध’ म्हणणंही पुरतं सुरक्षित नाही. तो एकाच माणसाने आणला की शंभर वर्षांत वीस हातांतून आला, कळायला मार्ग नाही. ज्याच्या घरी तो होता त्याला हा कोण आहे हे माहीत होतं, असं म्हणायला काडीचा आधार नाही. बुद्ध तिथे पोचला, बौद्ध धर्म पोचला असं त्यातून निघत नाही. खरा पुरावा मिळाल्यावरही लेखात लिहिता येण्याजोगं एवढंच उरतं हे मला त्या पाऊण तासात उमगलं.

मग मणी. बिर्काच्या माळांत आणि एकूण स्कँडिनेव्हियात नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकीकाचे आणि स्फटिकाचे मणी वाढतात. हे मण्यांचं कालक्रमवार कोष्टक योहान काल्मर यांनी १९७७ मध्येच तयार करून ठेवलं आहे. खंबायतेच्या आसपासचा अकीक प्राचीन काळापासून प्रसिद्ध; दगड भाजून त्याचा तांबडा रंग खुलवायचा आणि मग त्याला भोक पाडायचं ही कारागिरी आजही तिथे चालते. तेव्हा मणी खंबायतेचे म्हणून मोकळं व्हायला काय हरकत? हरकत ही की अकीक इराणात, कॉकेशसमध्ये, अरबस्तानातही मिळतो, आणि नुसत्या डोळ्यांना तांबडा दगड तांबडाच दिसतो. माझ्या प्रबंधात ‘भारत’ हा शब्द एका प्रकरणात येतो आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह काढायला मी तीनदा हात पुढे केला होता.

पण मण्यांनी मला दुसरीकडे नेलं आणि ते मी आधी शोधलंच नव्हतं. हे मणी घ्यायला उत्तरेकडच्या लोकांनी दिलं काय? अरबी चांदी त्यांच्याकडे प्रचंड आली. गोटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथे १९९९ मध्ये सापडलेल्या एका साठ्यात ६७ किलो चांदी आणि चौदा हजारांवर नाणी होती, जवळपास सगळी इस्लामी जगातली. बदल्यात गेली जनावरांची कातडी आणि माणसं. बगदादचा दूत इब्न फदलान याला ९२२ साली व्होल्गाकाठी रूस नावाचे उत्तरेकडचे व्यापारी भेटले. त्यांच्या बायकांना हिरव्या मण्यांचा इतका सोस की एका मण्याला एक दिरहम मोजतात असं तो नोंदवतो. त्याच लेखनात विकायला आणलेल्या दासी आहेत, आणि मेलेल्या सरदारासोबत जहाजात मारून जाळलेली एक मुलगी आहे. तिचं नाव त्याने लिहिलेलं नाही. मण्याची किंमत दिरहमात आणि दिरहमाची किंमत अशा मुलींत, हा हिशेब एकदा डोळ्यांपुढे आला की माळेकडे आधीसारखं पाहता येत नाही. आमच्या खंबायतेचा मणी थेट स्वीडनला, असा अभिमानाचा मथळा मी मनात तयार ठेवला होता. त्या मथळ्यात ही मुलगी कुठे बसणार?

शेवटच्या तोंडी परीक्षेत बाईंनी पुन्हा एकच प्रश्न विचारला : “उद्या चाचणीत हे मणी इराणचे निघाले तर तुझ्या प्रबंधातलं काय उरेल?” मी म्हटलं, “दुसरं प्रकरण सोडून सगळं.” त्या काही बोलल्या नाहीत; कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.

२०१९ साली परत येऊन कॉलेजात रुजू झाले. दुसऱ्याच महिन्यात एका विद्यार्थ्याने निबंधात ओसेबर्गचा बुद्ध लिहिला, भारतातून पोचलेला. मी तांबडी रेघ मारली. तो मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्हीच लिहिलंय की. ग्रंथालयात लावलंय.”

संध्याकाळी ग्रंथालयात गेले. छायाप्रत पिवळी पडून अजून फलकावर होती. ग्रंथपालकाकांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, “अगं, पण लोक थांबून वाचतात तो कागद. बाहेरगावचे पाहुणे आले की मी मुद्दाम दाखवतो.” काढून टाकू का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. “काढला तर लोक म्हणतील कुणी फाडला. त्यापेक्षा खाली दुरुस्ती लाव. आणि स्मरणिकेच्या आठशे प्रती गेल्यात घरोघरी, त्यांचं काय करणार आहेस?”

फलकावर दुरुस्ती लावली आहे. स्मरणिका पुन्हा निघणार नाही. तेव्हा ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी माझ्या लेखाचं दुसरं पान काढावं, छायाचित्राखालच्या ओळीतले ‘बुद्धमूर्ती’ आणि ‘भारतातून’ हे दोन शब्द खोडावेत, आणि तिथे ‘बसलेली मनुष्याकृती, आयरिश घडणीची’ असं पेनाने लिहावं.